स्मार्ट हॉल आणि शेवटचा बाक

नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, समिती येणार म्हटलं की कॉलेजात रंगरंगोटी सुरू होते. हल्ली तिच्या जोडीला व्याख्यानाचा मोठा हॉल 'स्मार्ट' करायचं काम निघतं. कॉलेजच्या मूल्यमापनात किती वर्गांत नि सभागृहांत संगणक-प्रोजेक्टरची सोय आहे, हे नॅक विचारत आली आहे. पीएम-उषासारख्या केंद्राच्या योजनेतून पैसे मिळण्याची शक्यता असते. मग निविदा निघते, माल येतो, फीत कापली जाते आणि पाहुण्यांच्या मागे मोठ्या टीव्हीसारखं चकचकीत पॅनेल असलेला फोटो पेपरात छापून येतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलंही गाव घ्या, फोटो तोच.

शेवटच्या बाकावरच्या पोराला विचारा. तो सांगेल, सरांचा आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, आणि पडद्यावर काहीतरी निळं-निळं दिसतं. लाखो रुपये खर्चून असं का होतं, आणि तेवढ्याच पैशात काय करता आलं असतं, हे नीट उलगडून पाहू. यात अवघड गणित नाही. गुणाकार-भागाकार आला की पुरे.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त का बोचतो?

खानापूर तालुक्यातली, बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतली कितीतरी मुलं मराठी शाळेतून येतात. शेजारच्या बाकावरचा मुलगा कन्नड माध्यमातून आलेला असतो. पदवीला विज्ञान, वाणिज्य किंवा इंजिनिअरिंग घेतलं की दोघांनाही इंग्रजीतून ऐकावं लागतं. ओळखीच्या भाषेत अर्धा शब्द ऐकू आला तरी उरलेला आपण मनातल्या मनात पुरा करतो. नव्या भाषेत ते जमत नाही. एक व्यंजन हुकलं की शब्द गेला, शब्द गेला की वाक्य गेलं. परक्या भाषेत ऐकणाऱ्याला आवाज अधिक स्वच्छ लागतो, हे ध्वनिशास्त्रात पक्कं झालेलं आहे. तरीही आपल्या खरेदीच्या यादीत पॅनेल पहिलं असतं आणि आवाजाचा नंबर शेवटी लागतो, तोही 'माईक सेट, १ नग' अशा एका ओळीत. माझ्या मते ही यादी उलटी करायला हवी.

आवाज घुमतो म्हणजे काय होतं?

मास्तर बोलले की त्यांचा आवाज सरळ तुमच्या कानाशी येतो, तसाच भिंतींवर, फरशीवर, छतावर आपटूनही येत राहतो. बोलणं थांबल्यावरही खोलीत रेंगाळणाऱ्या या आवाजाला शाळेच्या पुस्तकात 'निनाद' म्हणतात. तो मूळच्या दहा लाखाव्या भागाइतका क्षीण व्हायला जेवढा वेळ लागतो, तो निनादकाल. फळा न पुसता त्यावरच पुढची ओळ लिहावी, मग तिच्यावर तिसरी, तसं घुमणाऱ्या हॉलमध्ये शब्दांचं होतं.

या विषयाचं शास्त्रच एका विद्यापीठाच्या लेक्चर हॉलमधून सुरू झालं. १८९५ साली हार्वर्डमधल्या फॉग कला संग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह ऐकण्याच्या दृष्टीनं अगदी निकामी ठरलं. आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हे काम आलं. त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. या उद्योगातून एक साधं सूत्र निघालं: खोलीचं आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोली किती आवाज शोषते ते. शोषण मोजायचं सॅबाइनचं माप होतं उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघड्या खिडकीतून आवाज गेला की परत येत नाही. तेवढं शोषण म्हणजे १ एकक.

आता आपला हॉल घेऊ. १५ मीटर लांब, १० रुंद, ४ उंच, म्हणजे ६०० घनमीटर. ०.१६१ नं गुणलं की ९६.६. गिलाव्याच्या भिंती, टाइल्स, काचा, स्लॅब हे सगळं आवाज शोषत नाही म्हटलं तरी चालेल. लाकडी बाकांसकट २० एककं धरू. रिकाम्या हॉलचा निनादकाल झाला ४.८ सेकंद. शंभर मुलं येऊन बसली की माणूस स्वतःच आवाज शोषतो, दरडोई साधारण ०.४. शोषण ६० वर गेलं आणि निनादकाल १.६ सेकंदांवर आला. बरा वाटतो ना? पण आपण बोलताना सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज उच्चारतो. म्हणजे नवं अक्षर कानावर येतं तेव्हा आधीची सहा-सात अक्षरं हॉलमध्ये अजून फिरत असतात.

अमेरिकेतल्या शाळांच्या वर्गांसाठी जे प्रमाणक आहे, त्यात याहून थोड्या लहान खोलीला ०.७ सेकंदांची मर्यादा आहे. आपण त्याच्या आसपास कसं पोहोचायचं? अर्ध्या छताला, म्हणजे ७५ चौरस मीटरला, आवाज शोषणाऱ्या खनिज तंतूंच्या किंवा कापडात मढवलेल्या ग्लासवूलच्या पाट्या लावल्या आणि त्या ७० टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर ५२ एककं वाढतात आणि निनादकाल ०.९ वर येतो. मागच्या भिंतीवर आणखी २५ चौरस मीटर लावल्या की ०.७५. इतकंच. यात एकही यंत्र नाही, रिमोट नाही, वीज नाही. फोटोत मात्र हे दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

इथे दोन गैरसमज फार पसरलेले आहेत. पहिला, 'आमच्याकडे फॉल सीलिंग आहे.' जिप्समचं गुळगुळीत फॉल सीलिंग दिसायला झकास, पण बोलण्याचा आवाज ते भिंतीसारखंच परतवतं. दुसरा, अंड्यांचे ट्रे चिकटवायचे. ते शोषतात अपुरं, आणि पेटले तर सगळा हॉल पेटवतात. पाट्या घेताना अग्निरोधक असल्याचा दाखला मागा, आणि आपल्याकडच्या पावसाचा विचार करून ओलाव्यानं न फुगणाऱ्या घ्या. स्लॅब गळत असेल तर आधी गळती काढा. नाहीतर दुसऱ्या जुलैला पाट्यांना पोट सुटतं.

मोठे स्पीकर लावले की झालं की!

गणपतीच्या मिरवणुका पाहून वाढलेल्या आपल्या गावात हा युक्तिवाद येणारच. पण आवाज वाढवला की सरळ येणारा आवाज वाढतो, तसा आपटून येणाराही तितकाच वाढतो. आपण हिशेब केलेल्या, पाट्या न लावलेल्या हॉलमध्ये बोलणाऱ्यापासून जेमतेम दीड-दोन मीटरवरच भिंतींवरून आलेला आवाज थेट आवाजाला भारी पडतो. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बाकापासून मागचे सगळे गोंगाटात. स्पीकर मोठा केला की गोंगाट मोठा झाला, शब्द होते तसेच.

स्पीकर हवेतच, पण उंच सडपातळ, 'कॉलम' म्हणतात त्या जातीचे. ते आवाज वर-खाली फारसा न फेकता आडवा, बसलेल्या माणसांकडे टाकतात. छताला कमी लागतो, कानाला जास्त. ते माईकच्या पुढे, मुलांच्या बाजूला असावेत. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरला, तो पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून आला आणि पुन्हा माईकमध्ये गेला, की ती परिचयाची कर्कश शिट्टी वाजते.

माईकबद्दल एकच आग्रह: तो मास्तरांबरोबर फिरला पाहिजे. पोडियमवरचा वाकड्या मानेचा माईक भाषणाला ठीक. शिकवणारा माणूस फळ्याकडे वळला की त्या माईकला काही ऐकू येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. कॉलरला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावायचा बिनतारी माईक घ्या, आणि मुलांच्या प्रश्नांसाठी हातात धरायचा दुसरा. चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचे दोन संच ठेवा. एक चार्जरवर, एक वापरात.

पंखे विसरू नका. जुने, खडखडणारे आठ पंखे एकदम लावले की सगळं मुसळ केरात. बेअरिंग बदलणं हाही आवाजाच्या यंत्रणेचा भाग समजावा. पुणे-बेंगळुरू महामार्गालगत इमारत असेल तर रस्त्याच्या बाजूच्या खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात. पत्र्याच्या छपराखाली हॉल असेल तर खानापूरच्या जुलैत कुठलाही माईक उपयोगी पडत नाही. तिथे आधी छपराखाली आवाज अडवणारा जाड थर हवा.

पॅनेल केवढं पुरतं?

बोटांनी लिहिता येणारी ही मोठी टीव्हीसारखी पॅनेलं छोट्या वर्गात खरंच उत्तम. उजेडात दिसतात, खडूची धूळ नाही, लिहिलेलं साठवता येतं. भानगड आकाराची आहे. आडाखा असा की अक्षरं आरामात वाचायची तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापट अंतराच्या आत हवा. ७५ इंची पॅनेल ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते ७५ इंच तिरपे मोजलेले असतात. उंची भरते जेमतेम ९३ सेंटिमीटर. सहापट केले तर साडेपाच मीटर. ८६ इंची घेतलं तर ६.४ मीटर. आपल्या हॉलचा शेवटचा बाक १४ मीटरवर आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक मुलांसाठी ते पॅनेल ही भिंतीवरची शोभा.

१४ ला ६ नं भागा: चित्र २.३३ मीटर उंच हवं. सुमारे २.४ मीटर उंच आणि ४.३ मीटर रुंद पडदा घेतला की काम झालं. एवढं मोठं चित्र वाजवी पैशात प्रोजेक्टरच देतो. 'प्रोजेक्टरचे दिवस गेले' हे दुकानदाराचं वाक्य शंभर जणांच्या हॉलला लागू नाही. मुलं एका सपाट फरशीवर बसणार असतील तर पडद्याची खालची कड जमिनीपासून सव्वा मीटर तरी वर ठेवा. नाहीतर पुढच्यांची डोकी समीकरणाच्या शेवटच्या ओळी खातात.

यात आपल्या लिप्यांचा एक मुद्दा सहसा कोणी धरत नाही. देवनागरीत वर रफार-वेलांटी, खाली उकार. कन्नडमध्ये अक्षराच्या पायाशी लोंबणारी जोडाक्षरं. त्यामुळे त्याच मापाच्या फाँटात इंग्रजी अक्षरापेक्षा आपलं मूळ अक्षर बारीक पडतं. इंग्रजी स्लाइडला २८ चा फाँट पुरत असेल तर मराठी किंवा कन्नडला ३४-३६ घ्या, आणि पानावर सात-आठ ओळींपुढे जाऊ नका.

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही

गंमत वाटेल, पण खरं आहे. प्रोजेक्टर फक्त उजेड टाकतो. पडद्यावर 'काळं' दिसतं तिथे त्यानं काहीच टाकलेलं नसतं. हॉलमधल्या ट्यूबलाईटचा उजेड तिथे जेवढा पडेल तेवढाच काळा राखाडी होतो. म्हणून नुसतं 'ब्राइट प्रोजेक्टर' म्हणून भागत नाही.

प्रोजेक्टरमधून एकूण किती उजेड निघतो ते ल्युमेनमध्ये मोजतात; एका चौरस मीटरवर किती पडला ते लक्स. ५००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आपल्या दहा चौरस मीटरच्या पडद्यावर सुमारे ४८० लक्स टाकेल. हॉलच्या दिव्यांचा पडद्यावर १०० लक्स उजेड पडत असेल, तर पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण झालं ५८० ला १००, म्हणजे सहापटही नाही. तक्ते, आलेख, सूत्रं वाचायला पंधरापट तरी लागतं असं या व्यवसायातलं प्रमाणक सांगतं. आता पडद्याजवळच्या दोन-तीन ट्यूब विझवा, पुढच्या खिडकीला जाड पडदा ओढा आणि उजेड ३० लक्सवर आणा. ५१० ला ३०, म्हणजे सतरापट. प्रोजेक्टर तोच.

त्यासाठी काय लागलं? एक वेगळा स्विच. आपल्या बहुतेक हॉलांत दिव्यांचं वायरिंग असं असतं की एका बटणावर पुढची-मागची सगळी रांग लागते. मग एकतर पडदा फिका नाहीतर मुलं अंधारात, आणि अंधारात वही कशी लिहिणार? पुढची रांग वेगळ्या बटणावर आणायला इलेक्ट्रिशियनला फार तर एक दिवस लागेल. हे काम आधी करून मग प्रोजेक्टरची ताकद ठरवावी.

खरेदी करताना 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ', म्हणजे प्रमाणित पद्धतीनं मोजलेले, ल्युमेनच विचारा. ऑनलाईन स्वस्त डब्यांवर छापलेले नुसते दहा-दहा हजार 'ल्युमेन' हिशेबात धरू नका. दिव्याचा प्रोजेक्टर ३-५ हजार तासांनी नवा दिवा मागतो. लेझरचा उजेड निम्म्यावर यायला साधारण २० हजार तास लागतात. सुरुवातीला महाग, पण ज्या कॉलेजात दिव्याच्या खरेदीची फाईल सहा महिने फिरते तिथे लेझरच परवडतो.

वायर, गुरगुर आणि लाईट

पोडियमजवळ एकदा वाकून बघा. लॅपटॉपमधलं चित्र प्रोजेक्टरकडे नेणाऱ्या एचडीएमआयच्या वायरीचं टोक शेकडो वेळा घालून-काढून सैल झालेलं, त्याला काळी टेप गुंडाळलेली, आणि पाहुण्या प्राध्यापकांच्या लॅपटॉपला ते भोकच नाही, त्यांच्याकडे टाइप-सी. व्याख्यानाची पहिली दहा मिनिटं इथे जातात. दोन्ही जोडण्या पोडियमवर पक्क्या बसवा. रोज घासणारं टोक हे मीटरभर लांबीचं, स्वस्तात बदलता येणारं वेगळं तुकडं ठेवा. भिंतीतली लांब वायर कोणी हलवायची नाही.

पोडियमपासून छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत, भिंतीवरून फिरत, वीस-पंचवीस मीटर सहज होतात. साध्या तांब्याच्या एचडीएमआय वायरवर दहा-पंधरा मीटरपुढे चित्राचा भरवसा नाही. लुकलुकणं किंवा मध्येच निळा पडदा, हे लक्षण त्याचंच. तिथे नेटवर्कच्या कॅट-६ वायरीवरून चित्र नेणारी एक्स्टेंडरची जोडी किंवा फायबरची एचडीएमआय वायर घालावी. आणि ती मोकळ्या, रुंद पाइपातून न्यावी, म्हणजे पाच वर्षांनी जोडणीची पद्धत बदलली तरी भिंत फोडायला नको.

लॅपटॉप जोडला की स्पीकर घूंऽऽ करतो आणि चार्जर उपटला की गप्प बसतो, हा अनुभव अनेकांचा आहे. लॅपटॉप एका सर्किटवर, अँप्लिफायर दुसऱ्यावर, दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक. तो फरक आवाजाच्या वायरीतून वाहतो आणि ऐकू येतो. पोडियम आणि अँप्लिफायर एकाच सर्किटवर घेतले, किंवा आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज जाऊ देतो, अर्थिंगची जोड तोडतो) घातला, की गुरगुर जाते. काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन कापतात. गुरगुर थांबते, पण पुढे पोडियमला हात लावणाऱ्याला झटका बसू शकतो. ते कधीही करू नका.

हेस्कॉमची, म्हणजे आपल्या भागातल्या वीज कंपनीची, लाईट जाणार हे धरूनच चाला. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही आतला पंखा थोडा वेळ फिरून दिवा थंड करतो. वीज एकदम गेली की तो थंड होण्याआधीच सगळं ठप्प होतं आणि दिव्याचं आयुष्य घटतं. घरगुती स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर ही यंत्रं चालवू नयेत; साइन-वेव्ह, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, यूपीएस घ्या. रात्रभर लेक्चर चालवायचं नाहीये, पंधरा-वीस मिनिटं पुरली की बास.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद हॉलमधल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, आणि उन्हाळ्यात लाल मातीची धूळ जाळीत बसून प्रोजेक्टर तापतो. सुटीतही आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळं चालू करून ठेवायचं, महिन्याला जाळी साफ करायची. हे काम कोणाचं, हे कागदावर लिहिलेलं असावं. बहुतेक ठिकाणी ते अटेंडरवरच येतं, मग शिकवणीही त्यालाच द्या. निविदेतल्या 'ट्रेनिंग'ला फक्त विभागप्रमुख बसतात आणि नंतर किल्ली-रिमोट ज्याच्या खिशात असतो त्याला काहीच माहीत नसतं. बटणांवर कन्नड, मराठी, इंग्रजीत चिठ्ठ्या लावायला काही खर्च येत नाही.

मग फळा काढायचा का?

अजिबात नाही. गणिताची सिद्धता, रसायनातली अभिक्रिया टप्प्याटप्प्यानं उमलताना बघणं यात जी समज येते ती तयार स्लाइडनं येत नाही. मास्तरांच्या खडूचा वेग आणि मुलांच्या पेनचा वेग जुळतो. फक्त पडदा फळ्यावर सोडू नका. तो एका बाजूला किंवा फळ्याच्या वर घ्या, दोन्ही एकदम वापरता आले पाहिजेत.

'सगळं मोबाईलवर मिळतं, हॉल कशाला?' असंही विचारतात. व्याख्यान रेकॉर्ड करून द्यायचं असेल तरी स्वच्छ आवाज हवाच, तिथे तर दुप्पट हवा. हॉलच्या मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याचा माईक घुमणंच टिपतो. कॉलर माईकचा आवाज सरळ रेकॉर्डरला द्या. कॅमेरा साधा असला तरी भागेल.

निविदेत नेमकं काय लिहायचं?

आपल्याकडे सरकारी पैशातून खरेदी म्हणजे ठराविक चाकोरी, आणि बहुधा सर्वांत कमी दरवाल्याला काम. त्यात वावगं काही नाही, पण मग कमी दर कशाचा हे काटेकोर लिहावं लागतं. 'प्रोजेक्टर १ नग, स्पीकर ४ नग' असं लिहिलं की तेवढे नगच येतात. त्याऐवजी परिणाम लिहा: शंभर मुलं बसलेली धरून निनादकाल ०.८ सेकंदांच्या आत, दिव्यांची पुढची रांग विझवून पडद्यावर पांढरं काळ्याच्या पंधरापट उजळ, शेवटच्या बाकावरून ठराविक मापाचं अक्षर वाचता आलं पाहिजे. तीन वर्षांची देखभाल त्याच दरात, आणि तक्रारीनंतर किती दिवसांत माणूस येणार तेही. माणूस बेळगावातून येणार की बेंगळुरूहून, हे आधीच विचारून ठेवा.

ताबा घेण्याच्या दिवशी एक परीक्षा घ्या. हॉल मुलांनी भरा, सगळे पंखे लावा. कोणीतरी पोडियमवरून एकमेकांसारखे वाटणारे सुटे शब्द वाचावेत: पाट, ताट, काठ, गाठ, वाट, भात. मधे दोन-दोन सेकंद थांबायचं, क्रम आधी कोणाला सांगायचा नाही. इंग्रजीतलेही तसेच पंचवीस-तीस शब्द घ्या. शेवटच्या दोन बाकांवरच्या मुलांनी ऐकलं ते लिहून काढायचं. नंतर कागद तपासा आणि कुठले शब्द कोणत्या कोपऱ्यात हुकले ते कंत्राटदाराला दाखवा. तो स्पीकरचा कोन बदलेल, आवाज कमी-जास्त करेल, पुन्हा वाचून घेईल. ही चाचणी पार पडेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता रोखून धरायची अट मात्र निविदेतच असायला हवी, कारण माल उतरल्यानंतर ती घालता येत नाही.